पोरांना डांबरावरून खाली घ्या

गळीत हंगाम सुरू झाला की मला पहाटेची झोप लागत नाही. साडेचारला रस्त्यावर पोरांच्या पावलांचा आवाज येतो आणि त्याच्या मागोमाग उसाच्या ट्रॅक्टरची घरघर. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला, ड्रायव्हर रात्रभर जागा. त्याच रस्त्याच्या कडेनं आमची सतरा-अठरा वर्षांची पोरं काळोखात पळत असतात, कारण त्यांना मिलिटरीत जायचंय.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनला आलो. आमचं गाव खटाव तालुक्यात. गेली सहा वर्षं भरतीच्या पोरांबरोबर सकाळी उभा राहतो. अकॅडमी वगैरे काही नाही, फी घेत नाही. आज सरपंचांना, गावकऱ्यांना आणि पोरांच्या आईवडिलांना हात जोडून एकच सांगायचंय. पोरांना डांबरी रस्त्यावरून खाली घ्या. त्यांना मातीचं मैदान द्या.

तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एका पोराला ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसानं उडवलं. जीव वाचला, मांडीत रॉड आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याचे वडील माझ्याजवळ आले आणि एवढंच म्हणाले, "आता मेडिकलला चालंल का हो?" मला त्यांच्याशी खोटं बोलता आलं नाही. त्या पोराचं भरतीचं १६०० मीटरचं अंतर पाच मिनिटं पंचवीस सेकंदांत निघत होतं, बीम, म्हणजे आडव्या दांडीवरचे पुल-अप, दहाच्या वर होते. आज तो दूध संकलनाच्या गाडीवर जातो.

जानेवारी २०२५ मध्ये बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरी फाट्याजवळ पोलीस भरतीची तयारी करणारी तीन पोरं पहाटे बसखाली गेली. आपण सगळ्यांनी फोटो टाकले, श्रद्धांजली वाहिली. चार दिवसांनी मी मुद्दाम गाडी घेऊन आमच्या भागातले रस्ते फिरलो. प्रत्येक फाट्यावर पोरं तशीच पळत होती. मग पळणार तरी कुठं? शाळेच्या मैदानाला कुलूप असतं, गायरानात कुणाचा गोठा तर कुणाची कडब्याची गंज.

अपघात दिसतो तरी. न दिसणारं नुकसान रोज होतंय, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. डांबर मार परत देतं. तळवा झिजलेले बूट घालून पोरगं रोज आठ-दहा किलोमीटर डांबरावर पळतं आणि महिना-दीड महिन्यात नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. पोरं घरी सांगत नाहीत. घरी सांगितलं तर पळणं बंद होईल, ही भीती. दुखायची गोळी खातात, तेल चोळतात आणि परत पळतात. अशानं हाडाला बारीक चीर जाते. मग दीड-दोन महिने सक्तीची विश्रांती. शहरातल्या धावणाऱ्याला दोन महिने गेले तर काही बिघडत नाही. इथं साडेसतराव्या वर्षी दार उघडतं आणि विशी ओलांडली की ते मिटायला लागतं. आता आधी ऑनलाइन परीक्षा, त्यात निघालेल्यांनाच मैदानाचं बोलावणं. वर्षभर अभ्यास करून पेपर काढला आणि नडगीमुळं ग्राउंड गेलं, अशी दोन पोरं मी स्वतः पाहिलीत. त्यातला एक घरी आल्यावर आठ दिवस कुणाशी बोलला नाही.

सैन्यात चार वर्षांसाठी अग्निवीर घेणाऱ्या अग्निपथ योजनेवर माझी मतं आहेत, चार वर्षांनी पंचवीस टक्केच कायम होणार यावरही आहेत. तो वाद आज नको. पोरगं कुठल्याही दारातून जाऊ दे, पण धडक्या पायांनी जाऊ दे.

रस्त्यावर पळून वेग कळत नाही, हे दुसरं. भरतीला १६०० मीटर ४०० च्या ट्रॅकवर चार राउंडमध्ये पळायचे असतात. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० पैकी ६० गुण. म्हणजे प्रत्येक राउंड साडेब्याऐंशी सेकंदांचा. हे साडेब्याऐंशी सेकंद अंगात मुरावे लागतात. आमची पोरं पुलापासून मारुतीच्या देवळापर्यंत पळतात. ते अंतर नक्की किती हे कुणालाच माहीत नाही. मग भरतीच्या मैदानात काय होतं? शेकडो पोरं एकदम सुटतात, कोपरं लागतात, वळणावर ढकलाढकली होते, धूळ नाकातोंडात जाते. सरळ रस्त्यावर तयार झालेलं पोरगं पहिला राउंड सत्तर सेकंदांत मारतं आणि तिसऱ्याला मेलं. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या पोराला सहा मिनिटं दहा सेकंदांत येताना पाहिलंय. दम होता, हिशोब नव्हता. तेच पोरगं मैदान मिळाल्यावर चार महिन्यांत पाच-अठ्ठावीसला आलं. आठवड्यातनं दोन दिवस चारशेचे सहा तुकडे ठरलेल्या वेळेत, मध्ये दोन-तीन मिनिटं चालणं, एक दिवस लांब पण सावकाश, एक दिवस पूर्ण आराम. बेळगावला आमच्या रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला उस्ताद, म्हणजे शिकवणारे, घड्याळ हातात धरून हेच करून घ्यायचे.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला तेव्हा तो धावपटू नव्हता. घराला हातभार हवा होता म्हणून गेला, सियाचीनला राहून आला. खरं पळणं सुरू झालं ते सैन्यात, त्यानंतर. स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. रोज पहाटे रस्त्याच्या कडेनं जाणाऱ्या आमच्या रांगेत असा एखादा असेल, आणि त्याला अजून एक मोजलेला राउंडसुद्धा पळायला मिळालेला नसेल, हे मला फार लागतं.

आमचा जिल्हा सैनिकांचा म्हणून आपण छाती पुढं काढतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. गावोगावी स्मृतिस्तंभ आहेत, सैनिकांच्या नावाच्या कमानी आहेत. २६ जानेवारीला आम्हा माजी सैनिकांना शाल-श्रीफळ मिळतं. मी गेल्या वर्षी उभा राहून सांगितलं की शाल नको, जागा द्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जागेसाठी मात्र पुढं सात महिने पंचायतीत फेऱ्या मारल्या, तेव्हा ओढ्यापलीकडचा पड असलेला तुकडा मिळाला.

मैदान म्हणजे स्टेडियम नव्हे. दोन खुंट्या ८४ मीटर ३९ सेंटीमीटर अंतरावर ठोका. प्रत्येक खुंटीला ३६ मीटर ५० सेंटीमीटरची दोरी बांधून बाहेरच्या अंगाला अर्धा गोल काढा, दोन्ही गोल सरळ रेघांनी जोडा आणि फक्की मारा. त्या रेघेच्या बाहेरून वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर ठेवून पळालं की बरोबर ४०० मीटर भरतात. सव्वातीन एकर पुरतात. एवढी सपाट जागा नसेल तर खुंट्या ४० मीटरवर, दोरी १८ मीटर ८० सेंटीमीटर, आणि २०० चा ट्रॅक पस्तीस गुंठ्यांत बसतो. आठ राउंड, प्रत्येकी सव्वाएक्केचाळीस सेकंदांचा. दगड वेचा, मुरूम टाका, पाणी मारून रोलर फिरवा. आमच्या तुकड्याला एकानं जेसीबी दिला, एकानं डिझेल, मुरूम गावातल्याच विहिरीच्या खोदाईचा. कोपऱ्यात दोन लोखंडी पाइप उभे करून बीम केला, शेजारी उडी मारून ओलांडायचा नऊ फुटांचा खड्डा खणला.

मैदान झाल्यावर एक गोष्ट घडली जी माझ्या डोक्यातच नव्हती. पहिल्याच आठवड्यात तीन मुली आल्या, बरोबर त्यांच्या आया. रस्त्यावर काळोखात मुलीला कोण पाठवणार? इतकी वर्षं मला वाटायचं आमच्या गावात मुलींना भरतीची आवडच नाही. आज नऊ जणी येतात. दोघी मिलिटरी पोलिसांसाठी पळतात, बाकीच्या पोलीस भरतीचे ८०० मीटर. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. आमच्या या भागातल्या किती मुली फक्त जागा नव्हती म्हणून घरात बसल्या, हा विचार आला की अपराधी वाटतं. त्या आया कडेला बसून असतात. आता त्यातल्या दोघी-तिघी स्वतःही चार फेऱ्या चालतात.

तुमच्या गावात मैदान होईपर्यंत पोरांना एवढं तरी सांगा. रस्त्याच्या उजव्या बाजूनं पळा, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. कानात इअरफोन नको. फिकट रंगाचा शर्ट, दंडाला रिफ्लेक्टरची पट्टी. जोडीजोडीनं नाही, एकामागं एक. फटफटल्यावर निघा, साडेचारला निघाल्यानं जास्त गुण मिळत नाहीत. आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. पहाटे पाच ते साडेसहा कुलूप उघडं ठेवायचं, जबाबदारी गावातल्या एका माजी सैनिकानं घ्यायची, एवढं जरी ठरलं तरी यंदाच्या हंगामात पोरं रस्त्यावरून आत येतील.

दोरी माझ्याकडं आहे. ३६ मीटर ५० वर एक गाठ, १८ मीटर ८० वर दुसरी. रविवारी मोकळा असतो. ज्या गावाला आखणी करायची आहे त्यांनी जागा बघून ठेवा आणि मला निरोप द्या, खुंट्या आणि फक्की घेऊन येतो.