मस्कतहून गोव्याच्या जीपवाल्यांना: आधी ईएसपी, मग फोर-बाय-फोर

डिचोली-वाळपईकडे नवी गाडी घ्यायची ठरली की घरात वाद ठरलेला. पोरगा म्हणतो, घ्यायची तर फोर-बाय-फोरच. वडील किमतीचा कागद बाजूला सारतात. आणि शेजारचा कोणी जाणकार सांगून जातो, ‘एअरबॅग, सेन्सर हे सगळं पैसे काढायचं काम. पत्रा जाड बघा, गाडी दणकट बघा.’ हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

मी राहतो त्या ओमानमध्ये फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी, ही हौस नाही. जबल अखदर या डोंगराच्या पायथ्याशी, बिर्कत अल-मोजला पोलिसांची चौकी आहे. फोर-बाय-फोर नसेल तर गाडी तिथूनच परत फिरवतात. गंमत म्हणजे वरचा रस्ता पूर्ण डांबरी आहे. अडचण चढायची नसून उतरायची आहे. सलग तीव्र उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. फोर-लो, म्हणजे फोर-बाय-फोरच्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला विसावा मिळतो. अल शर्कियाच्या वाळवंटातल्या वाळूतही चारही चाकं लागतात आणि टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवावी लागते. म्हणजे फोर-बाय-फोरचं मोल इथे रोज कळतं. ते कळूनही मी गोव्यातल्या माणसाला सांगेन: तुमचा जादा पैसा आधी ईएसपीकडे, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेकडे जाऊ द्या.

कारण गोव्यात ती चार चाकं फिरवायची कुठे? किनाऱ्यावर गाडी घालणं कायद्याने बंद आहे. कुळेहून दूधसागरला जायचं तर तिथल्या नोंदणीकृत जीपनेच, आपली गाडी स्टँडवर ठेवून. उरली कुळागराची चिखलवाट, खाणपट्ट्यातली तांबडी निसरडी माती आणि एखादा व्हाळ. ज्यांचं कुळागर सत्तरीत उताराच्या टोकाला आहे, रोज सुपारी-नारळ वर आणायचे आहेत, त्यांनी फोर-बाय-फोर बेधडक घ्यावी, त्यांचे पैसे वसूल होतात. बाकी बहुतेकांची गाडी वर्षभर म्हापसा-पणजी करते आणि पावसात चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीचा घाट चढते-उतरते. या ओल्या डांबरावर ब्रेक दाबला तर फोर-बाय-फोर गाडी टू-व्हीलवालीपेक्षा एक फूटही आधी थांबत नाही. ब्रेक दोघींच्याही चारही चाकांना असतात.

ओल्या घाटात जीव वाचवते ती ईएसपी. वळणावरून उतरताना समोर अचानक गुरं. स्टिअरिंग झटकन उजवीकडे, आणि समोरून ट्रक दिसला म्हणून लगेच डावीकडे. या दुसऱ्या झटक्याला गाडीचं सगळं वजन उजव्या बाजूला लोटलं जातं आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे फिरतेय, हे ईएसपीचे सेन्सर सतत ताडून बघतात. फरक पडला की ड्रायव्हरला कळायच्या आत उजव्या पुढच्या एकट्या चाकाचा ब्रेक लागतो, इंजिनची ताकद कमी होते आणि गाडी रेषेत येते. एका चाकाला ब्रेक लावणं माणसाच्या पायाला जमणारं नाही, कितीही मुरलेला ड्रायव्हर असो.

उंच गाडीला हे जास्त का लागतं, ते साध्या हिशेबाने कळतं. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीडशे सेंटिमीटर धरा. त्याच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. साध्या कारची ती उंची ५३ सेंटिमीटर धरली तर उत्तर १.४ येतं, जीपवजा गाडीची ७० धरली तर १.०७. हा आकडा जितका कमी, तितकी गाडी उलटायला सोपी. आता तिला दोन इंची लिफ्ट किट बसवा, उत्तर सरळ १ वर येतं. लिफ्ट किटला खर्च करणाऱ्याने ईएसपीच्या किमतीवर कुरकुरू नये.

गाडी उलटलीच, तर डोकं काचेवर आपटण्यापासून कर्टन एअरबॅग वाचवते. ती छताच्या कडेत असते, म्हणून काढता येणाऱ्या टपाच्या गाडीत सहसा मिळत नाही. तीन दारांच्या थारमध्ये समोरच्या दोनच एअरबॅग आहेत. २०२० मध्ये तिला ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचे चार तारे मिळाले, ते खरेच, पण पाच दारांची थार रॉक्स त्यापुढे गेली: सहा एअरबॅग आणि ईएसपी पायाच्या व्हेरियंटपासून, आणि २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे. जिम्नीतही सहा एअरबॅग आणि ईएसपी सगळ्या व्हेरियंटना आहेत. तीन दारांच्या जिम्नीला मात्र २०१८ मध्ये युरो एनकॅपने तीनच तारे दिले होते. एअरबॅगची संख्या आणि सांगाड्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही विचाराव्यात.

म्हणजे ‘सेफ्टीला जास्त पैसे का द्यायचे’ हा प्रश्नच नव्या गाड्यांत थोडा चुकतो. रॉक्स २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली तेव्हा १२.९९ लाखांपासून होती. त्या वर्षी तिचं एमएक्स-फाइव्ह व्हेरियंट, डिझेल मॅन्युअल, नुसत्या मागच्या चाकांवर चालणारं १६.९९ लाखांना आणि तेच फोर-बाय-फोर १८.७९ लाखांना होतं. सेफ्टी पायातच आली, वरचे १.८० लाख चारही चाकं फिरवण्याचे. ते वाचवून खालचं व्हेरियंट घेणाऱ्याने मला वाटतं काहीच गमावलं नाही.

एडासचं, म्हणजे कॅमेरा-सेन्सरने ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणांचं म्हणाल तर युरोपने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत आपोआप ब्रेक सक्तीचा केला आहे आणि ते योग्यच आहे. पण रस्त्यावर पट्टेच नसलेल्या वाड्यावरून जाताना लेन सांभाळणारी यंत्रणा काय वाचणार? मुसळधार पावसात काचेमागचा कॅमेराही आंधळा होतो. म्हणून गोव्यासाठी माझ्या लेखी त्याचा नंबर ईएसपी, कर्टन एअरबॅग आणि चांगल्या टायरनंतर.

पैसे देऊन घेतलेली सेफ्टी नंतर गॅरेजमध्ये घालवतात, याचा मला खरा राग येतो. समोर लोखंडी बुलबार लावला की टकरीचा दणका थेट चासीवर जातो, चुरगळायला ठेवलेला भाग कामच करत नाही आणि एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते. केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच त्यावर बंदी सांगितली आहे. साइड एअरबॅग असलेल्या सीटला जाड रेक्झिन कव्हर शिवलं तर ती फाटून बाहेर येणार कशी? मड टायर चिखलात छान, ओल्या डांबरावर मात्र साध्या हायवे टायरपेक्षा लांब जाऊन थांबतात. आणि चवथीला मागे आडव्या बाकावर, बेल्टविना, चार पोरं आणि माटोळीचं सामान कोंबून निघालेली गाडी मला बघवत नाही. ताशी ५० च्या टकरीत २० किलोचं नारळाचं पोतं पुढच्या सीटवर अर्ध्या टनाहून अधिक जोराने येतं.

पाण्याबद्दलही एक. थारची ६५० मिलिमीटर खोलीची क्षमता साचलेल्या पाण्यासाठी आहे. वाहत्या पाण्यात ६० सेंटिमीटरला मोठ्या गाड्याही वाहून जातात, कारण पाणी खालून उचलतं आणि बाजूने ढकलतं. इथे ओमानमध्ये वाहत्या ‘वाडी’त, म्हणजे पावसात वाहणाऱ्या कोरड्या नदीपात्रात, मुद्दाम गाडी घालणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे ते शौर्य समजतात.

जुनी गाडी घेत असाल तर चावी फिरवून डॅशबोर्डवर बघा: एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. मुळात लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, एअरबॅग फुटून गेलेली असू शकते. चारही बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, मुळाशी चिखलाची रेषा दिसली तर गाडी पाण्यात बुडाली होती. मग टायरच्या बाजूचे चार आकडे वाचा. २४१९ म्हणजे २०१९ चा चोविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसो, त्या टायरवर घाट उतरू नका, नव्या चार टायरचे पैसे तिथल्या तिथे किमतीतून कापून घ्या.