‘साहेबाले आवडते तेच कैदी बोलते’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुरुंगातल्या सुधारणा वर्गाने कैद्याची गुन्ह्याकडे पाहायची नजर बदलते का, हे मोजता येतं असं मी लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: ‘साहेबाले आवडते तेच कैदी बोलते, तुमची प्रश्नावली म्हणजे धूळफेक.’ मतभेद असू द्या, पण धूळफेक म्हणण्याआधी ती एकदा वाचायची तरी होती. बराकीच्या ओट्यावर बसून मी असे फॉर्म भरून घेतले आहेत, म्हणून हा शब्द लागला.

एक मान्य. ‘वृत्ती बदलली’ लिहिलं, तिथे ‘उत्तरं बदलली’ हवं होतं.

तुम्ही धूळफेक म्हटलेल्या क्राइम-पिक्स टू या ब्रिटिश प्रश्नावलीत 35 प्रश्न आहेत, 20 गुन्ह्याविषयी, 15 रोजच्या अडचणींविषयी. पहिल्या 20 विधानांना ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच पायऱ्या. अंक जितके जास्त, तितका कल गुन्ह्याकडे. आता पहिल्याच दिवशी माणूस गोड बोलला तर अंक तेव्हाच तळाला जातात, पुढे कमी व्हायला जागा कुठे उरते? सगळेच खोटं बोलले तर वर्ग निरुपयोगी दिसेल. खरी भीती वेगळी आहे: वर्गात ऐकलेले शब्दच शेवटच्या दिवशी परत येतात. म्हणून प्रमाणपत्र वाटपाच्या दिवशी मोजून थांबू नये, तीन महिन्यांनी पुन्हा मोजावं. नाव नोंदवलं पण अजून वर्गात न बसलेल्यांनाही त्याच तारखांना तेच विचारावं. फॉर्मवर फक्त क्रमांक, जवळ शिपाई नको, शिकवणारे गुरुजीही नकोत. शिक्षेतली माफी किंवा फर्लो (कैद्याला मिळणारी सुट्टी) यांवर याचा परिणाम नाही हे आधी सांगावं, आणि ते खरं असावं.

आपल्याकडे याहून मोठा घोळ भाषेत होतो. ‘पुढच्या सहा महिन्यांत मी पोलिसांच्या भानगडीत पडणार नाही’ असं विधान वाचून दाखवलं की माणूस म्हणतो, ‘नाही जी, कायले पडीन!’ भरणारा ‘नाही’ ऐकतो आणि ‘असहमत’वर टिक करतो. सगळ्यात चांगल्या उत्तराला सगळ्यात वाईट अंक. बारा जणांच्या गटात असे दोन फॉर्म सरासरी बिघडवायला पुरतात. म्हणून प्रत्येक नकारार्थी विधानानंतर ‘म्हणजे पडाल का नाही?’ विचारून मगच टिक करावी. ही विधानं गाळूही नयेत, नाहीतर सगळ्यालाच ‘हो जी’ म्हणणारा सापडत नाही.

कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या कैद्यांचं म्हणाल, तर 2022 अखेर देशातल्या 100 कैद्यांपैकी सुमारे 76 कच्चेच होते. जामीन झाला की त्यांचं दुसरं मोजमाप राहतं. असे किती गेले हे अहवालात लिहावं, एवढंच.

माझ्या हेतूंबद्दल जे लिहिलंत त्याला उत्तर देत नाही. आधी प्रश्नावली वाचा, मग बोलू.