लोखंडी जिन्याचा जुना हिशोब बाद झालेला नाही

लातूर-नांदेडकडच्या फॅब्रिकेटरांच्या ग्रुपवर पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेबद्दल (आयएस 800) एक मेसेज फिरतोय: 'आयएस 800 ची 2007 ची आवृत्ती आल्यापासून परवानगीयोग्य ताणाची पद्धत बंद, त्यावर काढलेले जिने बेकायदा.' हे खरं नाही. त्याच आवृत्तीच्या 11व्या विभागात ही पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष भाराने येणारा ताण ठराविक मर्यादेत ठेवण्याचा हिशोब, दिलेली आहे. संहितेचा कल मर्यादा-अवस्था पद्धतीकडे (भार वाढवून धरून ताकद तपासायची, आणि वापरातला झोळ वेगळा) आहे, एवढंच. जिथे ती वापरणं सोयीचं नाही, तिथे जुनी चालते.

मेसेज पाठवणारे खऱ्या धोक्याबद्दल मात्र गप्प आहेत. घरातला जिना धरा: रुंदी एक मीटर, आडवा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) 4 मीटर, दोन्ही बाजूंना 100 चं चॅनल (इंग्रजी C सारख्या आकाराचा, 100 मिलिमीटर उंचीचा पोलादी बार). चढउताराचा भार चौरस मीटरला 300 किलो, म्हणजे एका चॅनलवर मीटरला 150. चेकर्ड प्लेट, रेलिंग आणि स्वतःचं वजन मिळून आणखी 50 धरू. वाकण्याचा ताण येतो सुमारे 107 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साध्या 250 ग्रेडच्या पोलादाला परवानगी 165 ची. पास! पण झोळ (भाराखाली मधोमध किती खाली वाकतं ते) काढा, तो सुमारे 18 मिलिमीटर येतो आणि गाळ्याच्या तीनशेव्या भागाने मर्यादा 13 च. असा जिना तुटत नाही, पण पाय ठेवला की हलतो, आणि मग शिव्या वेल्डरला. 125 चं चॅनल घेतलं की झोळ निम्म्याहून कमी होतो.

पद्धत कुठलीही घ्या, झोळाची तपासणी टळत नाही. ठेकेदार 'ताण बसतोय' म्हणाला तर झोळाचा आकडा मागा.