आत्येची थायरॉईडची गोळी बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

"पूर्वी कोकणात थायरॉईड नव्हता. आयोडीनचं मीठ आलं नि आजार आला. गोळीने ग्रंथी आळशी होते, ती बंद करा. खडा मीठ खा, रोज चमचाभर खोबरेल घ्या." हा मेसेज मला चार ग्रुपवर आला, चारही वेळा मी गप्प बसले. वेंगुर्ल्याच्या आत्येने तो वाचून गोळी सोडली, म्हणून आता लिहिते आहे.

परवा गेले तर तिचा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, मे महिन्याच्या उकाड्यात अंगावर शाल. फ्रिजवर गोळ्यांची न फोडलेली पाकिटं. म्हणाली, "पयले आठ दिवस काय एक झाला नाय गो, मगे कित्याक खावची?"

काही झालं नाही, कारण आधीची गोळी अंगात होती. गोळीत थायरॉक्झिन असतं, थायरॉईड ग्रंथी बनवते तेच संप्रेरक. रक्तातलं हे थायरॉक्झिन निम्म्यावर यायलाच साधारण 7 दिवस लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मेसेज खरा वाटतो, आणि दीड महिन्याने माणूस असा शाल घेऊन बसतो.

आता ती 'आळशी' ग्रंथी. थायरॉईडने किती काम करायचं ते मेंदूखालची वाटाण्याएवढी पिट्युटरी ठरवते. थायरॉक्झिन कमी पडलं की ती टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढवते. आत्येचा टीएसएच वाढलेला सापडला तो पहिली गोळी घेण्याआधी, रिपोर्टवर तारीख आहे! तिची ग्रंथी तिच्याच शरीरातल्या रोगप्रतिकारशक्तीने पोखरली आहे. हाशिमोटो या जपानी डॉक्टरने 1912 साली वर्णन केलेला हा आजार. ग्रंथीला जे बनवणं जमत नाही, तेच थायरॉक्झिन गोळीतून मिळतं. तिला मीठ कुठलंही द्या, त्याने ही ग्रंथी भरून येणार नाही.

खोबरेलात थायरॉक्झिन नसतं. एवढं पुरे.

मासळीत आयोडीन असतं हे खरं. ते अति झालं तरी थायरॉईड बिघडू शकतो, हेही मान्य. पण खडा मिठाचा हिशोब करा. लिटरभर समुद्राच्या पाण्यात मीठ सुमारे 35 ग्रॅम, आयोडीन जेमतेम 60 मायक्रोग्रॅम. ते सगळं मिठात उतरलं असं धरलं तरी 5 ग्रॅम खडा मिठातून 9 सुद्धा मिळत नाहीत. मोठ्या माणसाची रोजची गरज 150. शिरोड्याच्या मिठागरांचा मलाही अभिमान आहे, 1930 चा सत्याग्रह तिथलाच. पण म्हणून त्या मिठात आयोडीन येत नाही.

आणि आयोडीनच्या मिठाने आजार आणला म्हणणाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यातला अभ्यास वाचावा. 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तिथे काही भागांत आयोडीनयुक्त, एका भागात साधं मीठ दिलं. आयोडीन मिळालं तिथल्या मुलांचे गलगंड स्पष्ट कमी झाले. गलगंड रोखायचा 1962 चा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतरचा.

काल डॉक्टरांनी आत्येची गोळी पुन्हा सुरू केली. पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा तास आधी. सहा आठवड्यांनी रक्त तपासायला मीच तिला घेऊन जाणार आहे.