सहा फुटांवरून फुगडी

कोरोनाच्या साथीत एका पारंपरिक समूहनृत्य स्पर्धेची नियमावली मोबाइलवर येऊन पडली. नियम पहिला: दोन स्पर्धकांमध्ये सहा फूट अंतर. नियम दुसरा: हाताला हात लागल्यास पाच गुण वजा. नियम नववा: फुगडी अनिवार्य. लिहिणाऱ्याला फुगडी हा बहुधा फराळाचा पदार्थ वाटत असावा. पण स्पर्धा म्हटली की चषक आला, चषक आला की पेपरात फोटो आला, तेव्हा माघार घेऊन चालायचं नाही. भाग घेणाऱ्या भगिनींसाठी या काही सूचना.

आधी जागा मोजून घ्या. चोवीस जणींनी नेहमीसारखा हात धरून फेर धरला की दोघींमध्ये अडीच फूट पडतात. घेर ६० फूट, व्यास १९. साध्या कार्यालयाच्या हॉलमध्ये हा फेर बसतो. त्याच चोवीस जणी सहा फुटांवर उभ्या केल्या की घेर १४४ फूट आणि व्यास ४६. एवढा हॉल तुमच्या हाताशी असेल तर त्यात नाचू नका, तो लग्नाला भाड्याने द्या. नसेल तर भिंतीकडेने चौकोनी फेर धरा. कोपऱ्यातली बाई तेवढी सोशिक निवडा, कारण तिला प्रत्येक फेरीला काटकोनात वळायचं आहे आणि तालावर वळायचं आहे.

आता अनिवार्य फुगडी. एरवी चवड्यांना चवडे भिडवायचे, हातांची अढी घालून एकमेकींची मनगटं पकडायची आणि अंग मागे झोकून द्यायचं. इथे तोल तुमच्याकडे नसतोच, तो समोरचीच्या मनगटात असतो. तुम्ही मागे जाता तेवढं ती ओढते, ती मागे जाते तेवढं तुम्ही ओढता, आणि दोघींच्या मधल्या त्या वीतभर जागेवर पाय गरगरतात. म्हणून तर जोडी वजनाने सारखी बघतात. एक फार हलकी असली तर ती फुगडी घालत नाही, नुसती फेकली जाते. हे सगळं सहा फुटांवरून करायचे दोनच मार्ग आहेत. एक, ओढणी. अडीच मीटरची ओढणी घ्या, दोन्ही टोकं हाताला गुंडाळा, बरोबर सहा फूट उरतील. पण आता तुम्ही चवड्यांवर फिरत नाही, सहा फूट व्यासाच्या रिंगणावर धावता. एका वेढ्याला १९ फूट. वीस वेढ्यांची साधी फुगडी म्हणजे पावणेचारशे फुटांची धाव, नऊवारीत. तिसऱ्या वेढ्याला मनगटावरचा पीळ आवळतो, पाचव्याला बोटं निळी पडतात. सॅनिटायझर ओला असेल तर एवढं होत नाही, ओढणी पहिल्याच वेढ्याला सुटते.

दुसरा मार्ग, एकटीची फुगडी. अढी घाला, स्वतःचीच मनगटं धरा, अंग मागे झोका. मागे गादी असावी.

दंडफुगडी आणि बसफुगडीचं काय करायचं ते याच धर्तीवर तुमचं तुम्ही ठरवा.

झिम्म्यात टाळी समोरचीच्या तळव्यावर पडायची असते. ती आता हवेत द्या. डासही मरतील.

लाटणी आणि टिपऱ्या मात्र, खरं सांगायचं तर, जवळजवळ जमतात. हात सरळ केला की खांद्यापुढे दोन फूट, लाटणं एक फूट. दोघींचे मिळून बरोबर सहा. टोकाला टोक लागतं. पण लाटण्याचा आवाज एका लाटण्याच्या पोटावर दुसऱ्याचं पोट आपटल्यावर निघतो, टोकाला टोक लागून नुसतं टुक होतं. टिपरी दीड फुटाची असली तर एक फूट हातात राहतो, कोपर थोडं वाकवता येतं, ठोका नीट बसतो. हे नियम लिहिणाऱ्याला माहीत असतं तर त्याने फुगडीऐवजी टिपऱ्या अनिवार्य केल्या असत्या. नाही केल्या, कारण विचारलंच नाही कुणाला.

गोफ विणणाऱ्यांनी, म्हणजे मधोमध टांगलेल्या दोऱ्यांचा पेड नाचत घालणाऱ्यांनी, दोऱ्या लांब घ्याव्यात. सोळा जणी सहा फुटांवर उभ्या राहिल्या की रिंगण तीस फुटांचं होतं. दोऱ्या आडव्या ताणल्या जातात, मधे लोंबतात आणि अंबाड्यांत अडकतात. शिवाय निम्म्या डावीकडून आणि निम्म्या उजवीकडून जाताना एकीने आतून आणि एकीने बाहेरून, खांद्याला खांदा घासतच जावं लागतं, त्याशिवाय पेड पडत नाही. सहा फूट राखले तर पडेल ती वीण नव्हे, गुंता. आणि गोफात चूक विणताना दिसत नाही, उकलताना दिसते. परीक्षक तोवर चहाला गेलेले असतील ही त्यातली जमेची बाजू.

लेझीमवाल्यांना वाटतं आपलं बरं, आपण मुळातच अंतर ठेवून उभे. पन्नास जणांची एक रांग सहा फुटांवर लावून बघा. लांबी जवळजवळ तीनशे फूट होते. पुढच्या टोकाची हलगी मागच्या टोकाला पाव सेकंद उशिरा पोचते, आणि मिनिटाला १२० ठोक्यांची चाल असेल तर पाव सेकंद म्हणजे अर्धा ठोका. पुढचे वाकलेले असताना मागचे उठत असतात. तेव्हा हलगी मधोमध उभी करा आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस जण लावा.

तारपा हे फुंकायचं वाद्य, ते वाजवणाऱ्याने मास्क लावून वाजवावं. आणि वारली फेरात शेजारच्याच्या कमरेला हात असतो, तो आपल्याच कमरेवर ठेवावा.

नवरात्रात घागर फुंकण्याला मात्र कुठल्याच नियमावलीत हरकत नाही. घागर एक, तोंडं पंचवीस, हाताला हात लागत नाही.

फुगडीला जोर चढल्यावर तोंडाने पकवा, म्हणजे तालावरचा आवाज, घालतात. तो मास्कच्या आत घाला. दहा पकव्यांत मास्क ओला होतो आणि ओला मास्क श्वासागणिक तोंडाला चिकटतो. स्पर्धेसाठी दोन मास्क जवळ ठेवा, एक घामाचा, एक फोटोचा. फोटोच्या मास्कवर खणाचं कापड लावलं तर वेशभूषेचे गुण मिळतात. वेशभूषेला तीस गुण आहेत, खेळाला वीस. हे मी रचलेलं नाही, नियमावलीत आहे.

प्रत्यक्ष येणं शक्य नसेल तर ऑनलाइन झिम्मा. आवाज तुमच्याकडून पलीकडे पोचायला एक-दोन दशांश सेकंद लागतात, तिकडची टाळी परत यायला तेवढेच. दहा जणी दहा घरांत एकाच वेळी एकच टाळी देतात आणि कानाला ऐकू येतात पत्र्यावर पडलेल्या गारा. तेही नशीब असेल तर. कारण टाळी म्हणजे व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपच्या लेखी कुकरची शिट्टी, पार्श्वभूमीचा गोंगाट. ते ती पुसून टाकतं. सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साउंड चालू करा म्हणजे टाळी ऐकू येईल, आणि कुकरही. उपाय एकच: गाणारी एक, बाकी सगळ्या म्यूट. समूहनृत्य ते हेच.

गाणी ट्रॅकवर वाजवावीत असाही नियम आहे, कारण साठ वर्षांवरील महिलांना प्रवेश नाही. इथे जरा थांबू या. मंगळागौरीची गाणी कुणाला येतात? वहीतून बघून नव्हे, तोंडपाठ? साठीच्या पुढच्या बायकांना. बरं, तब्येतीची काळजी म्हणून त्यांना घरी बसवलं, मान्य. पण मग ट्रॅक आणला, आणि ट्रॅकची लय एकच. खेळ असा चालत नाही. गाणारी बाई फुगडी घालणाऱ्यांच्या पायांकडे बघत गाते. जोडी जमली की लय चढवते, एखादीचा पाय मुरगळतोय असं दिसलं की ओळ लांबवते, धाप लागली की तेच कडवं पुन्हा घेते. थांबायचं कधी हेही तीच ठरवते, कारण फुगडी एकदम सोडायची नसते, वेग उतरवत आणायची असते, नाहीतर दोघी दोन भिंतींवर. ट्रॅक तीन मिनिटांनी बंद पडतो, खट्कन. तेव्हा जोडी पूर्ण वेगात असते. ज्या बाईने चाळीस वर्षं हे सांभाळलं तिला फोन करून दहा गाणी मागवून घेतली का? व्हिडिओ कॉलवर शिकून घेतली का? दीड वर्ष घरी बसून होत्या त्या, विचारायची वाटच बघत होत्या. नाही. डाउनलोड केली. कडवी उलटसुलट, खेळाला सुरुवात करायच्या आधीच संपणारी, मधे कीबोर्ड. आणि त्या ट्रॅकवर ओठ हलवायचेही गुण आहेत, मास्कच्या आत.

आता सूचना पुरे.

आजार हाताने पसरत नाही असं नाही, पण हात साबणाने धुता येतात. बंद खोलीतला श्वास धुता येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट परगण्यात एका गायनवृंदाची तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यातल्या ५३ जणांना कोरोनाची लागण असल्याचं निष्पन्न झालं किंवा तसं मानलं गेलं, दोघे दगावले. ते फुगडी घालत नव्हते. बंद जागेत अडीच तास गात होते. मोठे थेंब सहा फुटांच्या आत खाली पडतात, बारीक कण बंद हवेत तरंगत राहतात, आणि मोठ्याने गाणारा माणूस बोलणाऱ्यापेक्षा ते जास्त सोडतो. म्हणजे सांभाळायचं होतं ते हॉल, हवा आणि गर्दी. आयोजकहो, तुम्ही काय केलंत? वातानुकूलित सभागृह घेतलंत. एसी चालावा म्हणून खिडक्या लावून घेतल्यात. दोनशे खुर्च्या एकमेकींना चिकटवून मांडल्यात. कार्यक्रमपत्रिकेत अकरा पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे आणि शेवटी व्यासपीठावर सगळ्यांचा एकत्र फोटो. स्पर्धकांना सहा फूट, पाहुण्यांना सहा इंच.

आणि एका घरात राहणाऱ्या जावा-जावा, ज्या सकाळी एकाच ओट्यापाशी पोळ्या करतात आणि रात्री एकाच ताटलीतून शेंगदाणे खातात, त्यांनी स्पर्धेत एकमेकींचे हात धरले की पाच गुण वजा! कोणाच्या डोक्यातून निघालं हे? एका घरातल्या जोड्यांना फुगडी घालू द्या, उघड्या मैदानात, बाकीच्यांपासून लांब. इतरांना टिपऱ्या द्या, नाचवायला सूप द्या, कोंबडा द्या. कोंबड्याला कुणाचा हात लागत नाही, उकिडवं बसून उड्या मारायच्या असतात, दम मात्र तुमच्या सगळ्या समितीचा मिळून लागेल. एवढंही जमत नसेल तर यंदा स्पर्धा घेऊ नका. २०२० साली सार्वजनिक गणपतींची उंची चार फुटांवर आली, दहीहंड्या रद्द झाल्या. खांद्यावर पाय न ठेवता थर लावा असं कुणी गोविंदांना सांगितलं नाही. बायकांच्या खेळाला मात्र काहीही सांगितलेलं चालतं, कारण तो तुमच्या लेखी भाषणांच्या मधला वेळ भरायचा कार्यक्रम आहे.

नियमावली मागे घ्या. लिहिणाऱ्याने नवी लिहिण्याआधी घरातल्या कुणाचाही हात धरून एक फुगडी घालावी, पँट-शर्टात चालेल. आणि आधी त्या हॉलच्या खिडक्या उघडा.