पुढे तीन, मागे एक

सायकलीच्या हँडलला पिवळी चिठ्ठी लटकत होती. 'बेवारस वाहन. सात दिवसांत मालकाने न हलवल्यास भंगारात देण्यात येईल. हुकुमावरून.' खाली सोसायटीचा गोल शिक्का. शिक्क्याच्या बाजूला कुणीतरी बॉलपेनने 'पंक्चर?' असंही लिहून ठेवलं होतं. पंक्चर वगैरे काही नव्हतं. आदल्याच रात्री ती सायकल मी पुरी केली होती आणि माझ्या नखांतलं ग्रीस अजून निघालं नव्हतं.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चालवायला एक दणकट सायकल हवी होती आणि नवीन घ्यायला पैसे नव्हते. मग डोक्यात आलं की आपणच जुळवावी, आणि तीही एका गिअरची. गिअर नाहीत म्हणजे त्यांच्या वायरी नाहीत, त्यांचे खटके नाहीत, बिघडायला काही उरतच नाही. बुधवारच्या जुन्या बाजारातून सव्वीस इंची लोखंडी फ्रेम आणली. तिच्यावरचं नाव कुणीतरी आधीच खरवडून टाकलेलं होतं. चाकं एका मित्राच्या गच्चीवरून आली, सीट दुसऱ्याच्या माळ्यावरून. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, तेवढं नाना पेठेतून नवं घेतलं, अठरा दातांचं.

मागचं जुनं सहा चकत्यांचं फ्रीव्हील काढायला मात्र दुकानातच जावं लागलं. ते पायडल मारून मारून स्वतःला आवळत जातं. त्यामुळे चाकाच्या मधला हब एकवेळ निघेल पण ते निघणार नाही, इतकं ते घट्ट बसलेलं असतं. मिस्त्रीने त्याचा खाचांचा पाना व्हाइसमध्ये पकडला, त्यावर अख्खं चाक आडवं ठेवलं आणि एसटीच्या ड्रायव्हरसारखं दोन्ही हातांनी ते फिरवलं. मग घाम पुसत म्हणाला, "दादा, लोक माझ्याकडे गिअर बसवायला येतात. काढायला तुम्हीच पहिले. काढायचे पैसे जास्त पडतील."

दिले.

सायकलवाल्यांचं जग बाहेरून साधं दिसतं. चेनच्या कड्यांमधलं अंतर जगभर अर्धा इंच, इथपर्यंत सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. रुंदी आली की भाऊबंदकी सुरू. साध्या सायकलीची चेन आतून 1/8 इंच आणि गिअरवालीची 3/32. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही, पण तेवढ्यापायी पातळ चेन जाड दातांवर बसत नाही आणि माणूस दुसऱ्यांदा नाना पेठेत जातो. दोन्ही पायडलांना जोडणाऱ्या मधल्या दांडीच्या बेअरिंगची कथा याहून भारी. त्याच्या आट्यांचं माप 1.37 इंच, इंचाला 24 आटे, आणि त्याला जगभर म्हणतात बीएसए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बंदुका बनवणारी कंपनी! आपल्याला बीएसए म्हटलं की एसएलआर सायकल आणि शाळेचं दप्तर आठवतं, पण मूळ धंदा बंदुकांचा. त्या मापात उजव्या बाजूच्या कपाचे, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या वाटीचे, आटे उलटे असतात. डाव्या पायडलचेही उलटे. चालता चालता सैल होऊ नये म्हणून ही योजना आहे आणि ती अगदी बरोबर आहे. फक्त कपावर तसं लिहिण्याची तसदी कुणी घेतलेली नाही. तुम्ही पान्याला लोंबकळत राहता आणि शेजारची काकू विचारते, "गॅस लीक आहे का हो?"

पण खरी अडचण चेन ताणायची. दूधवाल्याच्या सायकलीला मागच्या चाकाची खाच आडवी असते. चाक मागे ओढायचं, नट आवळायचा, चेन टाइट. माझ्या फ्रेमची खाच उभी. चाक जिथे बसेल तिथे बसेल, मागे-पुढे व्हायचं नाव नाही. ढिली चेन पहिल्याच खड्ड्यात उतरते. यासाठी वेगळा ताणकही मिळतो, पण त्याच्या किमतीत माझी अर्धी फ्रेम आली असती. गरिबांचा उपाय असा की जुना मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, तसाच ठेवायचा, त्याची वायर काढायची, बाजूचे दोन स्क्रू फिरवून त्याला एकाच जागी गच्च करायचं. तो मग गिअर बदलत नाही, नुसती चेन ताणून धरतो. पुढच्या, पायडलजवळच्या तीन चकत्या एकमेकींना रिव्हेट केलेल्या होत्या, त्या निघेनात. चेन मधलीवर टाकली. चौतीस दात पुढे, अठरा मागे. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल चार मीटरला जरा कमी जाते. दूधवाल्याच्या काळ्या रोडस्टरचं गणित चव्वेचाळीस-अठराचं, ती पाच मीटरच्या पुढे जाते. पण तिने तळजाई चढून दाखवावी.

तर ती चिठ्ठी. खाली जाऊन वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "सर, पार्किंगवाल्या काकांनी लावली. ते म्हणाले, हिचं सगळं वेगवेगळ्या रंगाचं आहे म्हणजे कुणीतरी पार्ट काढून टाकून दिली असणार."

पार्किंगवाले काका म्हणजे आमच्या पार्किंग उपसमितीचे प्रमुख. निवृत्त अभियंते. तीन-चतुर्थांश पँट, गळ्यात शिट्टी, हातात क्लिपबोर्ड, आणि भर सकाळी टॉर्च. उपसमितीत दुसरं कुणी आहे का, हे अद्याप उघड झालेलं नाही. ते आले तेच क्लिपबोर्डवरचा कागद उलटत.

"तुमची? मग नोंद का नाही?"

"काका, काल रात्रीच पूर्ण झाली."

"पावती?"

"कसली?"

"सायकलीची. विकत घेतली असेल ना?"

"घेतली नाही. जुळवली."

त्यांनी चष्मा नाकावरून खाली घेतला. "मेक काय लिहू?"

"मिश्र."

"वर्ष?"

"फ्रेमचं की चाकांचं?"

"नाव खरवडलेलं आहे इथलं." त्यांनी फ्रेमवर टॉर्च मारला. मग तो हळूच माझ्या तोंडावर आणला. "असं का बरं?"

मी जुन्या बाजाराचा उल्लेख केला. तो त्यांनी कागदावर लिहून घेतला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. इतक्यात भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या काकू थांबल्या. त्यांच्या भाच्याने एकवीस गिअरची घेतली आहे आणि तो खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो, ही माहिती त्यांनी आम्हा दोघांनाही सारखीच दिली आणि थांबूनच राहिल्या.

"ठीक आहे," काका म्हणाले, "मालकीचं आपण हमीपत्रावर करू. आता वर्गवारी. साधी सायकल नि:शुल्क. गिअरची सायकल दरमहा शंभर रुपये. मागच्या सर्वसाधारण सभेत पास झालंय."

इथे मी मोठ्या समाधानाने म्हणालो, "साधी. एकच गिअर आहे."

काका वाकले. वाकताना गुडघ्याचा आवाज आला, पण ते मागे हटले नाहीत. टॉर्चचा झोत डिरेलरवर स्थिर झाला.

"मग हे काय?"

"ते गिअरचं होतं. आता नुसतं चेन ताणतं."

"होतं म्हणजे? आहे की."

"आहे, पण ते काम करत नाही."

"नादुरुस्त गिअर. म्हणजे गिअरचीच." त्यांनी लिहायला सुरुवात केली.

मी त्यांना उभ्या आणि आडव्या खाचेतला फरक समजावला. वॉचमनची सायकल शेजारीच होती, तिची आडवी खाच दाखवली. स्क्रू दाखवले, वायरीची रिकामी जागा दाखवली. ते अभियंते असल्यामुळे ऐकत होते आणि अभियंते असल्यामुळेच पटवून घेत नव्हते. शेवटी म्हणाले, "हे मान्य. मागे एक." मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच टॉर्च पुढे सरकला.

"आणि पुढे तीन."

"त्या निघत नाहीत हो काका, रिव्हेट आहेत."

"निघत नाहीत म्हणजे आहेत."

"पण मी वापरत नाही."

"माझ्या फ्लॅटला दोन बाल्कन्या आहेत. एक मी वापरत नाही. मेंटेनन्स दोन्हीचा देतो." हे त्यांनी काकूंकडे बघत सांगितलं आणि काकूंनी मान डोलावली. "मला सांगा, खाली उतरून हाताने चेन उचलून लहान चकतीवर टाकली, तर सायकल चालेल?"

खोटं बोलायला हवं होतं. पण मला त्या डिरेलरचा नको तेवढा अभिमान. मी म्हणालो, "चालेल, तो तेवढी ढिलाई ओढून घेतो."

"पुढे तीन, मागे एक. तीन एके तीन." त्यांनी रकान्यात ठसठशीत 3 लिहिला. "तीन गिअर."

सगळ्यात वाईट म्हणजे या माणसाचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. त्याचा राग अजून जात नाही. चुकीच्या माणसाशी भांडता येतं, बरोबर असलेल्या मूर्खपणाशी काय भांडणार?

मी तरीही एक शेवटचा प्रयत्न म्हणून इतिहासात शिरलो. म्हटलं, काका, ही डोंगरावरची सायकल जन्मालाच एका गिअरची आली. कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटी म्हणून भाग आहे. तिथली पोरं 1976 पासून डोंगराच्या कच्च्या रस्त्यावरून खाली शर्यती लावायची. सायकली कुठल्या, तर 1930-40 च्या सालातल्या जाड टायरच्या, भंगारातून उचललेल्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबून लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं रिपॅक. आज लाखो रुपयांना विकल्या जाणाऱ्या एमटीबीचे, म्हणजे डोंगरी सायकलींचे, मूळ पुरुष ते, आणि त्या सायकलीही अशाच होत्या, एकीचं काही दुसरीला लावलेलं.

काका म्हणाले, "त्या मुलांना सोसायटी नव्हती."

मग त्यांनी मला पुण्याचा इतिहास ऐकवला. पूर्वी सायकलीला कराचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस धरायचे, डबलसीट दिसलात की हवा सोडायचे. "तेव्हा कुणी कुरकुर करत नव्हतं," असं ते म्हणाले. माझे वडील आयुष्यभर कुरकुरले, पण ते मी सांगितलं नाही. याच शहराला सायकलींचं शहर म्हणायचे हे दोघांनाही एकदमच आठवलं आणि दोघेही क्षणभर गप्प झालो. काकूंनी भाच्याच्या सायकलीची किंमत सांगून ती शांतता भंग केली.

आता जरा स्पष्टच बोलतो. आमच्या पार्किंगमध्ये खांबाशेजारी एक चारचाकी उभी आहे. तिच्यावरचं कव्हर आधी राखाडी होतं, आता त्याला रंगच राहिलेला नाही. चारही टायर जमिनीला टेकलेत. बॉनेटखाली मांजरीचं प्रत्येक बाळंतपण होतं. त्या गाडीला कधी पिवळी चिठ्ठी लागलेली मी पाहिली नाही. तिच्या जागेत माझ्या सायकलीसारख्या दहा सायकली आरामात राहतील. रस्त्यावरही हेच. सायकल ट्रॅक म्हणून रंगवलेल्या पट्ट्यावर दुचाक्या उभ्या, त्यांच्यापुढे भेळेची गाडी, त्यापुढे विजेचा डीपी, आणि डीपीला वळसा घालायला खाली उतरलं की मागून हॉर्न. 'फूटपाथवरनं जा की!' असं मला सांगणारा माणूस स्वतः फूटपाथवरून बाइक चालवत होता, हे विनोदासाठी रचलेलं नाही. सायकलवाला म्हणजे एकतर नाइलाज झालेला गरीब, नाहीतर हेल्मेट आणि चटपटीत कपडेवाला हौशी. मधल्या माणसाला रकानाच नाही. त्याला बेवारस म्हणतात.

काकांना मी त्या गाडीबद्दल विचारलंच.

"ती बेवारस कशी?" ते खरोखर दुखावले. "तिचे पैसे वेळेवर येतात."

"मालक कुठे असतात?"

"अमेरिकेत, ऑस्टिनला. पण ऑनलाइन भरतात. एक तारखेला."

शंभर रुपये काढून दिले. त्यांनी पावतीपुस्तक मागवलं, कार्बन नीट बसवला आणि टाकाने लिहावं तसं सावकाश लिहिलं: 'सायकल, गिअरची (3), मेक: मिश्र, रंग: विविध.' चिठ्ठी काढून त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. पुन्हा वापरता येईल म्हणाले. जाताना सहज पायडलवर पाय ठेवून चाक एक गिरकी फिरवलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "मागच्या चाकाला आउट आहे. तार आवळून घ्या."

आउट होताच. तेही त्यांना दिसावं!

नाना पेठेतल्या मिस्त्रीला फोन केला. ग्राइंडर लावून रिव्हेट उडवायचे आणि मधली ठेवून कडेच्या दोन चकत्या सोडवायच्या, याचे तो दोनशे मागतो. म्हणजे दोन महिन्यांत वसूल, असा हिशेब करून मी काकांना व्हॉट्सॲप केला की पुढच्या महिन्यापासून सायकल साध्या वर्गात धरावी. लगेच उत्तर आलं. वर्गबदलाचा अर्ज छापील नमुन्यात करावा लागेल, सोबत मिस्त्रीचा दाखला जोडावा लागेल, आणि फी पन्नास रुपये.