किटची हर्डी-गर्डी की कारागिराच्या हातची? तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचं परीक्षण शनिवारी रात्री वाचलं, रविवारी सकाळी परत वाचलं. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आधी मला आमच्याच किटची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची होती. ती वाचून झाल्यावर लिहायला बसलोय. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो. फ्रँकफर्टच्या आसपास राहणाऱ्या आणखी कुणा आईबापांना मुलासाठी हे वाद्य घ्यायचं असेल, तर त्यांच्याही कामी येईल.

तुमची तक्रार थोडक्यात अशी. तेरा वर्षांच्या लेकीने मध्ययुगीन जत्रेत हर्डी-गर्डी, म्हणजे दांड्याने चाक फिरवून वाजवायचं युरोपातलं तंतुवाद्य, ऐकली आणि तिने तेच वाद्य हवं म्हणून धरून ठेवलं. तुम्ही आमच्याकडून ६४० युरोंचं, घरी सुटे भाग जोडून वाद्य बनवायचं किट घेतलंत. खोक्यावर ‘तीन शनिवार-रविवारांत तयार’ असं छापलं होतं, तुम्हाला नऊ लागले. वाजवायला घेतलं तर नुसती किंचाळी. जूनमध्ये सूर बदलण्यासाठी दाबायच्या लाकडी पट्ट्या अडकायला लागल्या. शेवटी वाद्य आमच्याकडे आणलंत. आम्ही चाळीस मिनिटांत ते वाजतं केलं, ५५ युरो घेतले आणि निघताना माझ्या सहकाऱ्याने तुम्हाला २,९०० युरोंचं तयार वाद्य दाखवलं. ‘आधी स्वस्त किट विकायचं आणि माणूस कंटाळला की महागडं गळ्यात मारायचं, हा यांचा धंदा,’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय.

चुका आमच्या कुठे झाल्या ते आधी सांगतो. ‘तीन शनिवार-रविवार’ हा आकडा चुकीचा आहे. तो माझ्या हातांचा वेळ होता, आणि मी अशी कितीतरी खोकी जोडली आहेत. पहिल्यांदा करवत-पॉलिशपेपर हातात घेणाऱ्या माणसाला आठ ते दहा शनिवार-रविवार लागतात. नव्या खोक्यांवर आता तेच छापून येईल. ५५ युरो आज तुमच्या खात्यावर परत केले आहेत. आणि वाद्य नुकतं दुरुस्त झालेलं, मुलगी ते पहिल्यांदाच नीट वाजवतेय, अशा वेळी तिच्यासमोर दुसरं महाग वाद्य काढून ठेवणं बरोबर नव्हतं. सहकाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण तुम्हाला जे वाटलं ते कुणालाही वाटलं असतं.

आता त्या चाळीस मिनिटांत नेमकं काय केलं ते सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. तुम्ही जोडलेली पेटी सरळ होती. चाक आसावर डगमगत नव्हतं. मी डायल लावून मोजलं होतं. एक दशांश मिलिमीटरचा फरक असला तरी दर फेऱ्याला आवाज हेलकावतो, आणि तुमचं चाक त्याच्या आत होतं. म्हणजे जोडणीत तुमचं काहीही चुकलं नव्हतं. बिघाड होता कापसात. या वाद्यात व्हायोलिनच्या गजाचं काम राळ लावलेलं चाक करतं, आणि तार चाकाला जिथे टेकते तिथे तिच्यावर कापसाचा पातळ थर गुंडाळलेला असतो. तुम्ही औषधाच्या दुकानातला कापूस वापरला होता. त्याचे धागे आखूड असतात, गाठी होतात, आणि प्रत्येक गाठ चाकावर घासली की करकरते. मी तो सगळा काढला, लांब धाग्याचा कापूस घेतला, बोटांत विरळ केला, इतका की पलीकडची खिडकी दिसावी, आणि सुराच्या दोन तारांवर एकेक पदर चढवला. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खाचेत, तारेखाली, कागदाची एक चिंधी सरकवली. त्याने तार केसभर वर उचलली गेली आणि चाकावरचा दाब उतरला. दाब जास्त असेल तर वाद्य खरखरतं, फार कमी असेल तर शीळ घालतं. मधली जागा कागदाच्या एका जाडीएवढी असते. बाकी वेळ दोन फुगलेल्या पट्ट्या घासण्यात गेला. जानेवारीत हीटर चालू असलेल्या कोरड्या खोलीत तुम्ही त्या अगदी चपखल बसवल्या होत्या, आणि जूनच्या दमट हवेत लाकूड फुगलं.

हे सगळं तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही सांगितलंच नव्हतं. आमची पुस्तिका ४६ पानांची आहे आणि त्यात कापूस, कागद, राळ यांना मिळून दीड पान दिलंय. डिंक कुठे लावायचा याला एकवीस पानं! रविवारी ते मोजलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. कारण मी मिरजेचा. लहानपणी शाळा सुटली की तंतुवाद्यांच्या कारखान्यात जाऊन बसायचो. तिथे तंबोरा जोडून, पॉलिश होऊन, तारा चढून उभा असायचा आणि तरी कुणी त्याला तयार म्हणत नसे. उस्ताद घोडीवर कानस घेऊन बसायचे, जवारी काढायचे, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडीचा माथा नेमका घासायचे, तारेखाली दोरा सरकवून बघायचे, परत काढायचे. कधी अख्खी दुपार जायची. त्यानंतर तो बोलायला लागायचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावामागे ही दुपार आहे. तीच गोष्ट मी इथे दीड पानात उरकली.

हर्डी-गर्डीचं आणि आपल्या जवारीचं नातं यापेक्षाही जवळचं आहे. या वाद्यात एक तार अशी असते की तिची छोटी घोडी एका बाजूने सुटी असते. मनगटाने दांड्याला झटका दिला की ती पेटीवर थरथरते आणि भुणभुणणारा ठेका उमटतो. फ्रेंच लोक त्या घोडीला ‘कुत्रा’ म्हणतात. एका फेऱ्यात दोन, तीन, चार झटके, हे शिकण्यात पहिलं वर्ष जातं. आणि तो कुत्रा किती चटकन भुंकेल हे एका बारीकशा खुंटीने ठरतं. ती खुंटी चुकीच्या जागी असेल तर शिकणाऱ्याचं मनगट कितीही चांगलं असो, ठेका येत नाही.

तुमच्या परीक्षणातलं एक वाक्य मला फार लागलं. ‘मुलीला वाटलं तिलाच जमत नाहीये, आणि तिने वाद्य कपाटावर ठेवून दिलं.’ नवशिक्यासाठी किटचा खरा धोका हाच आहे, आणि विकताना तो आम्ही तुम्हाला सांगायला हवा होता. ज्याने नीट लावलेलं वाद्य कधी हातात धरलंच नाही, त्याला किंचाळी ऐकून कळत नाही की दोष हाताचा आहे, कापसाचा आहे की लाकडाचा. तो दोष स्वतःकडे घेतो. मोठा माणूस निदान चिडून दुकानाला लिहितो. मूल गप्प बसतं.

मग किट विकतोच कशाला? कारण काहींसाठी तेच योग्य आहे. ज्याला लाकडाचं काम आवडतं, जो दोन कागदांमधला फरक कानाने शोधत तासभर बसू शकतो, ज्याच्या जवळपास एखादा वाजवणारा आहे, त्याला किट जे शिकवतं ते तयार वाद्य कधीच शिकवत नाही. पुढे आयुष्यभर तो स्वतःचं वाद्य स्वतः सांभाळतो. नेदरलँड्सच्या याप ब्रांड यांच्या ‘नर्डी गर्डी’सारख्या लेसरने कापलेल्या किटमुळे असे कितीतरी लोक या वाद्याकडे आले, ज्यांना कारागिराचं वाद्य कधीच परवडलं नसतं. ते किट आमचं नाही, तरी चांगलं आहे हे सांगतो. (खेळण्याच्या दुकानात मिळणारी शोभेची लाकडी मॉडेलं वेगळी. ती जोडायला मजा येते, पण त्यांच्यावर वाजवायला शिकता येत नाही.)

तयार वाद्याच्या २,९०० युरोंबद्दल. लाकडाचा वाटा त्यात फार मोठा नाही. आमच्याकडे वर्षाला सात-आठ वाद्यं बांधून होतात. प्रत्येक वाद्य तारा चढल्यावर किमान तीन आठवडे वर्कशॉपमध्ये रोज वाजवलं जातं, कारण नवीन लाकूड बसतं, पेटीचं तोंड किंचित खचतं, घोडीची उंची बदलते, आणि मग सगळं पुन्हा लावावं लागतं. फ्रान्समधल्या जॉन्झा या छोट्या गावात पाजो आणि पँपार या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या हीच वाद्यं बांधली. त्यांचं नाव झालं ते नक्षीकामाने नव्हे, वाजवणाऱ्याच्या हातात वाद्य लगेच बोलायचं म्हणून. तुम्ही त्या जागच्या जागी बोलण्याचे पैसे देता. शिवाय चांगल्या कारागिराचं वाद्य विकायला काढलं तर किंमत बऱ्यापैकी परत येते, घरी जोडलेल्या किटची येत नाही. पण हेही सांगतो, तयार वाद्य घेतलंत म्हणून कापसातून सुटका नाही. तो दर काही दिवसांनी बदलावा लागतोच, ऋतू बदलला की कागदही. फक्त सुरुवात बरोबर जागेवरून होते, आणि बिघडलं तर ‘बरोबर’ कसं वाजत होतं हे कानाला आठवतं.

म्हणून यापुढे कुणी नवशिक्या आला की मी किट आणि तयार वाद्य दोन्ही बाजूला ठेवून आधी एक नीट लावलेलं वाद्य भाड्याने देणार आहे. महिना ४५ युरो, आणि पुढे काहीही घेतलं तर ते पैसे वजा. तीन महिन्यांत कळतं की मुलाला वाजवायचंय, की बांधायचंय, की दोन्ही नको आहे. त्याआधी फ्रँकफर्टजवळच्या लिसबेर्ग गावातल्या वाद्यसंग्रहालयात एक चक्कर जरूर मारा. हर्डी-गर्डी आणि मशकवाद्यं यांचा मोठा संग्रह तिथे आहे, आणि एकाच नावाची वाद्यं किती वेगवेगळी असतात ते एका दुपारी समजतं.

तुमचा एक आरोप मात्र मला मान्य नाही. किट मुद्दाम बिघडू देत नाही. किटवर माझा फायदा थोडा पण त्रास नसलेला असतो. तयार वाद्यांसाठी माझ्याकडे पुढच्या वर्षीपर्यंतची यादी आहे, गिऱ्हाईक ओढून आणायची गरज नाही. निष्काळजीपणा झाला, तो मी वर कबूल केलाय. फसवणूक झालेली नाही.

तुमच्या मुलीसाठी एक वाद्य बाजूला काढून ठेवलंय. तीन महिने वापरू दे, भाडं नको. आणि तुमचं किटचं वाद्य टाकून देऊ नका, ते चांगलं बांधलंय. त्या दिवशी मी कापूस चढवून तिच्या मांडीवर दिलं तेव्हा तिने दांडा हळू फिरवला, थांबली, तुमच्याकडे बघितलं आणि परत तोच एक सूर बराच वेळ धरून ठेवला. तुम्ही तेव्हा बिलाकडे बघत होतात, म्हणून कदाचित तुमचं लक्ष गेलं नसेल.

दर शनिवारी दहा ते एक मी वर्कशॉपमध्ये असतो. दोघं या. कापूस कसा चढवायचा ते तिला स्वतःच्या हाताने करायला लावतो, पाच-सहा वेळा, बोटांना कळेपर्यंत. येताना वाद्य मऊ पिशवीत आणा, तारा सैल करू नका, आणि त्या दोन पट्ट्या पुन्हा अडकत असतील तर घरी घासू नका, मी बघतो. राळ विकत घेऊ नका, एक वडी माझ्याकडून.